एका हातपंपासाठी मध्यप्रदेश : नवशिक्यांचे मार्गदर्शक

तुमच्या फळियातला, म्हणजे पाड्यातला, हातपंप बंद पडला आहे ना? अभिनंदन! राज्यशास्त्र शिकायला लोक इंदूर-उज्जैनला खोली घेऊन राहतात; तुमच्या दारात ते विद्यापीठ फुकट उघडले आहे. धार जिल्ह्यातल्या सरदारपूर तहसिलीत राहून राज्याची कार्यपालिका आणि स्थानिक स्वराज्य संस्था समजून घ्यायच्या, तर बिघडलेल्या हातपंपासारखा गुरू नाही. चालू पंपातून काय, नुसते पाणी मिळते.

हे मार्गदर्शक अगदी नवख्यांसाठी आहे. या क्षेत्रातला आमचा अनुभव दांडगा आहे. यश म्हणाल तर बेताचेच. पण यशस्वी माणसाला दुसऱ्याला मार्ग सांगायला सवड कुठे असते?

लागणारे साहित्य : आधार कार्डाच्या भरपूर झेरॉक्स, पांढरे कागद, दोन पेने (त्यांतले एक बाबूंच्या टेबलावरच राहणार, वाईट वाटून घेऊ नका), मजबूत चपला आणि पाण्याची भरलेली बाटली. ती कुठून भरायची हे विचारू नका, तो अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग आहे.

१. पंप नक्की कुठे आहे ते ठरवा.

‘घरासमोर’ हे उत्तर चालणार नाही. सरदारपूरला नगर परिषद आहे. शेजारच्या राजगढला आपली वेगळी नगर परिषद आहे. त्यांच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायती, त्यांच्यावर सरदारपूर जनपद पंचायत, आणि अशा १३ जनपदांवर धारची जिल्हा पंचायत. ग्रामपंचायतीच्या मागे १९९२ ची ७३वी घटनादुरुस्ती उभी आहे, नगर परिषदेच्या मागे ७४वी. म्हणजे तुमचा पंप चार हात सरकला की त्याची घटनादुरुस्ती बदलते. पंपाचा दांडा एका हद्दीत आणि पाण्याची धार दुसऱ्या हद्दीत पडत असेल, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. दोन्ही कार्यालये तुम्हाला अतिशय आदराने एकमेकांकडे पाठवतील.

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांनी घाबरू नये. तिकडचे तलाठी इकडे पटवारी, प्रांतसाहेब म्हणजे एसडीएम, पंचायत समितीच्या जागी जनपद, गटविकास अधिकाऱ्याच्या खुर्चीत जनपदचे सीईओ, आणि ग्रामसेवकाच्या जागी पंचायत सचिव. एक खबरदारी मात्र घ्या. सरदारपुरात सीएमओ म्हणजे नगर परिषदेचे मुख्य नगरपालिका अधिकारी, आणि भोपाळात सीएमओ म्हणजे मुख्यमंत्र्यांचे कार्यालय. ‘सीएमओशी बोलणे झाले आहे’ असे वाक्य तुम्ही निर्धास्तपणे टाकू शकता. ऐकणाऱ्याने कोणता अर्थ घ्यायचा, ही त्याची जबाबदारी.

२. थोडा इतिहास वाचा, म्हणजे डोके शांत राहील.

‘पूर्वी असा गोंधळ नव्हता’ असे कुणी म्हणाले, तर त्याला प्रेमाने खाली बसवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच सरदारपूर ग्वाल्हेर संस्थानाच्या अमझेरा जिल्ह्यात होते. म्हणजे राज्य शिंद्यांचे. पण माही नदीच्या काठी बंगला होता तो इंग्रजांच्या भोपावर एजन्सीच्या पोलिटिकल एजंटाचा, आणि साहेब इथे बसून नजर ठेवायचे ती धार, झाबुआ, बडवानी, अलीराजपूर या संस्थानांवर. छावणी होती माळवा भिल्ल पलटणीची. जमीन एकाची, साहेब दुसऱ्याचा, देखरेख तिसऱ्यावर आणि बंदूक चौथ्याच्या खांद्यावर. आजच्या खात्यांची वाटणी पाहून चक्कर आली, तर एवढेच आठवा की गावाला हे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेले आहे.

देवासची गोष्ट याहून रसाळ. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली, आणि दोघांची राजधानी एकाच गावात. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एकाचा कारभार, समोरच्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची आणि दिवाबत्तीची सोयसुद्धा दोन्हीकडे निराळी. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला आणि पुढे त्याने त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. त्याच्या वाट्याला दोनच दरबार होते. तुमच्या पंपाच्या वाट्याला किती आहेत, हे पायरी ३ मध्ये येईल. हेवा करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

संस्थाने गेली आणि २८ मे १९४८ ला मध्य भारत राज्य उभे राहिले. राजधानी ग्वाल्हेर की इंदूर, असा पेच पडला. तोडगा काय निघाला? हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. भांडण मिटवण्याची ही रीत आजही कार्यालयांत पाळली जाते, दोघांच्या वादात फाइल तिसऱ्याकडे जाते. सध्या धार, तेही पवारांचेच, इंदूर संभागात आणि देवास उज्जैन संभागात. एका पवारांच्या गावाचा कमिशनर एकीकडे, दुसऱ्या पवारांच्या गावाचा दुसरीकडे. भाऊबंदकी प्रशासनाच्या रक्तातच आहे म्हणायची.

३. तीन रांगा पाठ करा.

पहिली रांग निवडून आलेल्यांची : पंच, सरपंच, जनपदचे सदस्य आणि अध्यक्ष, जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष, आमदार, मंत्री, मुख्यमंत्री.

दुसरी रांग महसुलाची : कोटवार, पटवारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, एसडीएम, कलेक्टर, संभागाचे कमिशनर, मुख्य सचिव.

तिसरी रांग खात्याची. खेड्यातला हातपंप लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाचा, म्हणजे पीएचईचा. तिथे आधी मेकॅनिक, मग उपयंत्री, सहायक यंत्री, कार्यपालन यंत्री, अधीक्षण यंत्री, मुख्य अभियंता, आणि सगळ्यांच्या शेवटी भोपाळात प्रमुख सचिव.

पहिल्या रांगेकडे आश्वासन असते, दुसऱ्या रांगेकडे शिक्का, तिसऱ्या रांगेकडे पाना. तुमच्या पंपाला फक्त पाना लागतो. म्हणून सुरुवात पहिल्या रांगेपासून करायची.

थेट मेकॅनिककडे जाण्याचा मोह होईल. तो आवरा. नवशिके इथेच घसरतात. मेकॅनिक भला माणूस असतो, त्याला पंपाचे दुखणे लांबूनच कळते. पण ‘ऊपर से आदेश’ आल्याशिवाय त्याला सुटा भाग मिळत नाही, आणि वरच्याला खालून प्रस्ताव आल्याशिवाय आदेश देता येत नाही.

४. सरपंचांना भेटा. म्हणजे त्यांच्या यजमानांना.

मध्यप्रदेशात पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, ही अभिमानाची गोष्ट. त्यामुळे पंचायतीच्या फलकावर बाईंचे नाव असेल, आणि फलकाखालच्या खुर्चीवर त्यांचे पती. बाई कुठे आहेत, असे विचारू नका. त्या पाणी आणायला गेल्या आहेत, तुमचा पंप बंद असल्यामुळे जरा लांब. सरपंचपतींनी कारभारात लक्ष घालू नये अशी परिपत्रके वरून येत असतात. ती उघडून वाचण्याचे कामही पतीच करतात.

पंचायतीकडे पैसा नाही असे समजू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातला ६० टक्के हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींना द्यायचे २९ विषय आहेत, त्यात अकरावा विषयच मुळी पिण्याचे पाणी. आता तुम्ही म्हणाल, विषय पंचायतीचा, पैसा पंचायतीचा, मग पंप कुणाचा? पंप पीएचईचा. नळयोजना झाली असेल तर ती चालवायची पंचायतीने, पण वीजबिल भरून मोटर चालू असेल तेव्हा. शिवाय नळयोजना झाली, म्हणजे कागदावर हातपंपाची गरज संपली. एका पाण्यात एवढी गुंतवणूक दुसरे कोणते सरकार करते, सांगा.

५. ग्रामसभेचे ब्रह्मास्त्र वापरा.

हा धडा सरदारपूरकरांसाठी खास. ही तहसील पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहे, म्हणून इथे आदिवासी भागांतल्या पंचायतींचा १९९६ चा पेसा कायदा लागू. मध्यप्रदेशाने त्याचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ ला लागू केले. मधली २६ वर्षे नियम लिहिण्यात गेली. घाईत केलेले काम चांगले होत नाही.

पेसाखाली ग्रामसभा ही सर्वांत वरची. तिचा अध्यक्ष आदिवासी हवा, आणि तो सरपंच, उपसरपंच किंवा पंच नको. एकेका फळियाचीसुद्धा वेगळी ग्रामसभा होऊ शकते. म्हणजे कायद्याने पाहिले, तर कडुनिंबाखाली जमलेले तुमचे शेजारीपाजारी हेच सार्वभौम. तेव्हा २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना हमखास हजर राहा. पंपाचा ठराव हात वर करून मंजूर करा. सचिव तो रजिस्टरात लिहून घेतील. मग खाली सह्या आणि अंगठे.

झाले. सार्वभौम सभेने ठराव केला आहे. आता तो उपयंत्र्यांकडे सविनय सादर करा, आणि त्यांच्या टेबलासमोर उभे राहा. बसायला सांगितले नाही म्हणून खट्टू होऊ नका. सार्वभौमांसाठी वेगळी खुर्ची ठेवायची तरतूद नियमांत नाही.

६. मंगळवारी उपवास नसेल तर कलेक्टोरेटला जा.

मंगळवार हा जनसुनवाईचा दिवस. तिन्ही रांगा जिथे एकत्र येतात ती एकच खोली जिल्ह्यात आहे, आणि ती कलेक्टरांची. कंपनी सरकारने १७७२ मध्ये महसूल गोळा करायला हे पद काढले. आज तेच साहेब महसूल पाहतात, निवडणूक घेतात, पूर आला तर बोटी काढतात, लसीकरणाची बैठक घेतात, आणि मंगळवारी तुमचा पंप ऐकतात. त्यांच्यासमोर बोलायला अर्धे मिनिट मिळेल, तेव्हा ‘साहेब, आमचे आजोबा धार संस्थानात मामलेदार होते’ इथून सुरुवात करू नका. मराठी घरांत ही खोड फार. आजोबांच्या काळातला मामलेदार पंप दुरुस्त करीत नसे, आणि संस्थान १९४८ ला बुडाले हे साहेबांना ठाऊक आहे.

साहेब अर्जाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहितील आणि तो पुढे जाईल. खालच्या मजल्यावर त्याला पत्र जोडले जाईल : ‘आवश्यक कार्यवाही हेतु’. त्याखाली ‘प्रतिलिपि’ची यादी : एसडीएम सरदारपूर, जनपद सीईओ, कार्यपालन यंत्री, सरपंच. हीच ती माणसे, ज्यांनी तुम्हाला कलेक्टरांकडे पाठवले होते. अर्ज आता त्यांना अधिकृतपणे भेटायला निघाला आहे. माही नदी याच तहसिलीत मिंड्याजवळ उगम पावते, आधी उत्तरेला जाते, राजस्थानात शिरते, मग मागे वळून गुजरातेत समुद्राला मिळते आणि वाटेत कर्कवृत्त दोनदा ओलांडते. तुमच्या फाइलीचा नकाशा काढलात तर हुबेहूब तिच्यासारखा दिसेल. फरक एवढाच, की माहीला पाणी असते.

७. १८१ लावा.

ही मुख्यमंत्री हेल्पलाइन. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलते, की तक्रार सांगायचा धीर होत नाही. तरी सांगा. तुमची तक्रार आधी एल-१ ला जाईल, म्हणजे तालुक्याच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे. बहुधा ज्याच्याविषयी तक्रार, त्याच्याकडेच. मुदतीत निकाल लागला नाही, तर एल-२, एल-३, आणि शेवटी भोपाळच्या पातळीवर एल-४.

आता तुम्हाला एका अनोळखी नंबरावरून फोन येईल. आवाज ओळखीचा वाटेल. ‘भैया, पहले शिकायत बंद करवा दो, फिर पंप का देख लेते हैं.’ अशा वेळी तीन गोष्टी करा. एक, आनंदित व्हा. इतक्या महिन्यांत यंत्रणेने स्वतःहून तुम्हाला गाठल्याची ही पहिली खेप. दोन, तक्रार बंद करू नका. तीन, तुम्ही बंद केली नाहीत तरी ती ‘फोर्स क्लोज’ होऊ शकते, तेव्हा मोबाइलवर ‘आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है’ असा संदेश आला की बाहेर जाऊन एकदा दांडा हलवून बघा. नाही, पाणी नाही येणार. पण व्यायाम होतो.

जाता जाता २०१० चा लोकसेवा हमी कायदाही लक्षात ठेवा. असा कायदा करणारे मध्यप्रदेश हे देशातले पहिले राज्य. यादीतली सेवा वेळेत दिली नाही, तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, फार तर ५,००० पर्यंत. म्हणजे विसाव्या दिवसानंतर उशीर फुकट.

८. हिंमत असेल तर भोपाळ.

इथे राज्याची कार्यपालिका तिच्या पूर्ण वैभवात दिसते. घटनेच्या १५४ व्या कलमानुसार सारी सत्ता राज्यपालांकडे. ते ती मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या सल्ल्याने वापरतात. मंत्री किती असावेत? विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त नकोत, असे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ठरवले. मध्यप्रदेशचे आमदार २३०. त्यांचे १५ टक्के म्हणजे साडेचौतीस. उरलेला अर्धा कोण, यावर राज्यात उमेदवारांची कमी नाही. मंत्र्यांतला एक आदिवासी कल्याणासाठी असलाच पाहिजे, हे घटनेने मध्यप्रदेशाचे नाव घेऊन सांगितले आहे. शिवाय पाचव्या अनुसूचीमुळे सरदारपूरसारख्या क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपाल थेट राष्ट्रपतींना देतात. पंपापासून राष्ट्रपतिभवनापर्यंत घटनेने तुम्हाला सरळ वाट काढून दिली आहे. कच्चा भाग आहे तो फक्त पंप ते जनपद.

मंत्र्यांना भेटायचे ते वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात. संचालनालये मात्र सातपुडा आणि विंध्याचल भवनांत. मंत्रालय धोरण ठरवते आणि संचालनालय अंमल करते, म्हणून एकाकडे गेलात की दुसऱ्याची इमारत बोटाने दाखवतात. आपला कागद कुठे ठेवला आहे तेवढे मात्र विचारून घ्या. १२ जून २०२३ ला सातपुडा भवनाला आग लागली, ती तिसऱ्या मजल्यावरच्या आदिवासी विकासाच्या कार्यालयातून, आणि वरचे मजले खाऊन गेली. म्हणून सरदारपुरात सल्ला दिला जातो तो झेरॉक्सचा, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सचा.

समजा, आदेश निघालाच. कागदाच्या शेवटी ओळ असेल : ‘मध्यप्रदेश के राज्यपाल के नाम से तथा आदेशानुसार’. त्याखाली सही अवर सचिवाची. राज्यपालांना या पंपाची काही कल्पना नाही, अवर सचिवाने तो पाहिलेला नाही, आणि ज्याने पाहिला आहे त्या मेकॅनिकचे नाव प्रतिलिपीत नाही. हा कागद फ्रेम करून ठेवण्याजोगा आहे. त्याआधी तो उपयंत्र्यांना दाखवा. ते म्हणतील, ‘हमारे पास तो अभी आया नहीं.’

एक शॉर्टकट सांगून ठेवतो. प्रत्येक जिल्ह्याला एक प्रभारी मंत्री असतो. घटनेत हा शब्द कुठेही नाही, त्यामुळे त्याचे अधिकार कमी आहेत असे मात्र कुणी समजू नये. ते धारला बैठकीला आले की गर्दीत शिरून अर्ज थेट त्यांच्या हातात द्या. ते तो वाचतील, मान डोलावतील आणि मागे उभ्या असलेल्या कलेक्टरांच्या हातात देतील. पुढचा रस्ता पायरी ६ मध्ये दिलेला आहेच.

९. निवडणुकीचे पंचांग बघा.

मध्यप्रदेशातल्या मागच्या पंचायत निवडणुका २०२० मध्ये व्हायच्या होत्या, त्या २०२२ च्या जून-जुलैमध्ये झाल्या. म्हणजे पुढच्या २०२७ मध्ये, जर वेळेवर झाल्या तर. आचारसंहिता लागली की प्रत्येक कार्यालयात एकच उत्तर मिळेल, आणि तिन्ही रांगांचे एकमत होण्याचा हा दुर्मीळ योग चुकवू नका.

तुमच्यासाठी मात्र हाच हंगाम. एका सकाळी सरपंचपदाचा एखादा उमेदवार (किंवा उमेदवार बाईंचे पती) मोटारसायकलवर मेकॅनिकला मागे बसवून येईल. सोबत पाना, साखळी आणि चामड्याचा वायसर. तिघे-चौघे मिळून पाइप वर ओढतील, वायसर बदलतील, आणि चहा होईपर्यंत धार लागेल. हात ओले तर मैत्र भले, म्हणून घोळक्यात सेल्फी काढतील. तुम्ही त्यांना फाइल दाखवायला धावू नका. कळशी आणा.

त्यानंतर काही दिवसांनी भोपाळहून एल-४ चा फोन येईल. विचारतील : तुमचा पंप दुरुस्त कोणी केला? कारण त्यांच्या नोंदीत तो गेल्या दीड वर्षात दोनदा दुरुस्त होऊन चालू आहे, आणि चालू पंप पुन्हा दुरुस्त झाल्याने आकडा जुळत नाही. वाद घालू नका. ‘आप संतुष्ट हैं?’ असे विचारतील तेव्हा ‘हो’ म्हणा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि फोन ठेवून १८१ वरच्या त्या गोड मुलीकडे रस्त्याच्या खड्ड्याची नवी तक्रार नोंदवा. रस्ता जनपदचा, लोकनिर्माण विभागाचा की नगर परिषदेचा, हे तिने विचारले तर घाई करू नका. घरासमोरचा आहे, एवढेच सांगा.